कोणी दखलच घेतली नाही

सकाळी माझ्या टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले, एकाच दिवशी खोक्यातून निघालेले. विंडोज तशीच ठेवून दोन्हींवर सोबत लिनक्स टाकायचं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ते संशोधन विभागात पोचवायचे, एवढंच काम. असली कामं मी इतक्यांदा केली आहेत की हात आपोआप चालतात. त्या दिवशी नेमकं तेच नडलं.

पूर्वतयारीत विशेष काही नव्हतं. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घेतली, कारण फर्मवेअरच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) सेटिंगला हात लावला की विंडोज पुढच्या वेळी ती मागू शकते. फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं तर शट डाउन म्हटल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि तिच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या वाट्यावर, लिनक्समधून काही लिहिणं धोक्याचं ठरतं. डिस्कवर जागा मोकळी केली. पेन ड्राइव्ह माझा नेहमीचाच, काही वर्षांपूर्वी बनवलेला, खिशात राहून राहून टोपण हरवलेला.

पहिला लॅपटॉप २५ मिनिटांत तयार झाला. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं पहिल्या फटक्यात. मग दुसरा घेतला. इन्स्टॉल तोही विनातक्रार झाला. लॉगिन केलं, टर्मिनल उघडलं, आणि मिनिटभरात माउसचा बाण बेडकासारखा उड्या मारायला लागला.

मेलेला नव्हता तो. बोट फिरवलं की क्षणभर थांबायचा, मग एकदम दोन बोटं पुढे, पुन्हा थांबा, पुन्हा उडी. टप, टप, टप, एका ठरावीक लयीत. ती लय मला दिसत होती, पण ती अशी ठरावीक का, हा प्रश्न पडला नाही. रीस्टार्ट केला. या खेपेला तीन-चार मिनिटं नीट चालला, मग तेच. तिसऱ्या खेपेला २० सेकंदांतच. विंडोजमध्ये मात्र तोच टचपॅड तासभर वापरा, काही नाही.

टचपॅड बिघडलाय, तर टचपॅडचा ड्रायव्हर बघायचा, हे उघड वाटलं. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी डीमेसेज या आज्ञेने काढल्या आणि ग्रेपची गाळणी लावून फक्त टचपॅडच्या ओळी वेगळ्या केल्या. टचपॅड ओळखला गेला होता, आयटूसी बसवर, म्हणजे छोट्या उपकरणांच्या सामायिक तारांवर, नीट जोडला गेला होता, एकही त्रुटी नव्हती. मग ड्रायव्हर बदलून पाहिला, मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं, वीज वाचवण्यासाठी बस झोपवणारी सेटिंग बंद केली. बाण उड्या मारतच होता.

यापुढे मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण आमच्या धंद्यातले बरेच जण हेच करतात म्हणून लिहितो. बूट करताना कर्नेलला द्यायचे पॅरामीटर एकामागून एक मारायला सुरुवात केली. नोमोडसेट. नोएपिक. प्रत्येकामागे काही विचार होता असं म्हणणं खोटं ठरेल. कधीतरी कुठल्यातरी मशीनवर ते लागू पडले होते, एवढाच आधार. शेवटी एसीपीआय ऑफ दिलं. टचपॅड पूर्णच नाहीसा झाला, बॅटरीचं चिन्ह गेलं, आणि इतके कोअर असलेला प्रोसेसर एकाच कोअरवर येऊन बसला. साहजिक होतं. आजच्या लॅपटॉपमध्ये कुठलं उपकरण कुठल्या तारेवर आहे, प्रोसेसरचे कोअर किती आहेत, हे सगळं फर्मवेअर एसीपीआयच्या तक्त्यांतून सांगतं. ते तक्ते वाचूच नकोस म्हटल्यावर कर्नेलने चाचपडायचं तरी कुठे?

एव्हाना साडेबारा झाले होते. ज्यांचा लॅपटॉप होता त्या मॅडम दारातून डोकावल्या. "अहो, पहिल्याचं तर झालं ना? मग ह्याचंच काय?"

"बघतोय," म्हटलं. याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आमच्याकडे त्या वेळी एक मुलगी काम शिकायला यायची. बोलायची कमी, बघायची जास्त. मॅडम गेल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही ग्रेप न लावता नोंदी वाचल्याच नाहीत."

बरोबर होतं. टचपॅडचं नाव ज्या ओळींत आहे तेवढ्याच मी बघत होतो. पॅरामीटर सगळे काढले, रीस्टार्ट केला, बाण उड्या मारायला लागेपर्यंत थांबलो आणि मग सगळ्या नोंदी सलग वाचायला घेतल्या. शेवटून थोडं वर ती ओळ सापडली: आयआरक्यू ७, नोबडी केअर्ड. खाली हँडलरची, म्हणजे हाकेला ओ देणाऱ्या ड्रायव्हरच्या तुकड्यांची, यादी, तिच्यात जीपीआयओ कंट्रोलरचा, म्हणजे छोट्या उपकरणांच्या पिना सांभाळणाऱ्या चिपचा, एकुलता एक हँडलर, आणि त्याखाली: डिसेबलिंग आयआरक्यू ७.

कोणी दखलच घेतली नाही. कर्नेलच्या भाषेत इतका मानवी संदेश क्वचितच सापडतो.

इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि आयआरक्यू म्हणजे ती हाक ज्या तारेने येते ती तार; ७ हा तिचा क्रमांक. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम थांबवून त्या तारेवर नोंदवलेल्या हँडलरला विचारतो, तुझ्यासाठी आहे का? हँडलर हो म्हणाला तर ठीक. तो नाही म्हणाला तर कर्नेल त्याची मोजणी ठेवतं, आणि १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाल्या की ती तार बिघडली असं समजून बंद करून टाकतं. तसं केलं नाही तर प्रोसेसर दिवसभर ओ देण्यातच जाईल. तार बंद केल्यावरही कर्नेल तिच्यावरच्या लोकांना अगदी वाऱ्यावर सोडत नाही. सेकंदाच्या दर दहाव्या भागाला एकदा डोकावून जातं, कोणाचं काही काम आहे का म्हणून. सेकंदाला दहा फेऱ्या. बाणाच्या उड्यांची लय ती हीच. टचपॅड पूर्ण ठीक होता. त्याची तार कापली गेली होती आणि तो त्या दहा फेऱ्यांवर दिवस काढत होता.

संदेशातच कर्नेलने सल्लाही दिला होता, आयआरक्यूपोल हा पॅरामीटर देऊन पाहा म्हणून. दिला. काडीचाही फरक पडला नाही.

७ हा आकडा बघून मला उगाच जुने दिवस आठवले. १९८१च्या आयबीएम पीसीत इंटरप्टच्या तारा आठच होत्या. १९८४च्या पीसी एटीत दुसरी चिप आली आणि त्या वापरण्याजोग्या १५ झाल्या. सातवी बहुधा प्रिंटरच्या पोर्टची. साउंड कार्डही तीच मागायचं, मग कार्ड काढून त्याच्यावरचे जंपर चिमट्याने हलवायचे आणि कोणाला ५ द्यायचा, कोणाला ७, याची वाटणी स्वतः करायची. हार्डवेअरचं भांडण म्हणजे काय ते तेव्हा डोळ्यांना दिसायचं: दोन कार्डं, एक तार. इथे भांडणारा दुसरा कोण तेच कळेना. यादीत एकच हँडलर, त्याच्यामागे एकच टचपॅड, आणि टचपॅड शहाण्यासारखा वागतोय. मग हाका कोण मारतंय?

पहिल्या, म्हणजे बऱ्या लॅपटॉपवर त्याच नोंदी काढल्या आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. मुलगी पहिल्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "सर, ही ओळ बघा, इथे..." आणि तिचं बोट जसं सरकलं तशी खिडकीतली सगळी अक्षरं वर सरकली.

दोघंही गप्प. तिने बोट उचललं, पुन्हा टेकवलं. पुन्हा सरकली.

मग दुसऱ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट फिरवलं. ढिम्म. दोन्ही उलटे करून स्टिकर वाचले. मॉडेलचा आकडा तोच, शेवटचं एक अक्षर वेगळं. एकाला टचस्क्रीन होती, दुसऱ्याला नव्हती. दोन्ही पडदे दिवसभर माझ्या नाकासमोर होते. एक चकचकीत, दुसरा मंद. मॉडेल सारखं म्हणजे मशीन सारखं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

यापुढचं सगळं अर्ध्या तासात उलगडलं. कुठल्या तारेवर कोणाच्या किती हाका आल्या हे दाखवणारी, प्रॉक या फोल्डरमधली इंटरप्ट्सची फाइल दोन्हींवर उघडली. जीपीआयओ कंट्रोलरला अनेक पिना असतात आणि त्या सगळ्यांच्या हाका गोळा करून तो एकाच तारेने, आयआरक्यू ७ने, प्रोसेसरकडे पाठवतो. बऱ्या लॅपटॉपवर त्याच्याखाली दोन नावं होती, टचपॅड आणि टचस्क्रीन, प्रत्येकाची पिन वेगळी. बिघडलेल्यावर एकच, टचपॅड. मग डीबगएफएसमधून, म्हणजे कर्नेलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधून, कंट्रोलरच्या प्रत्येक पिनेची अवस्था काढली. टचस्क्रीनची पिन दोन्ही लॅपटॉपवर इंटरप्टसाठी चालू करून ठेवलेली होती. म्हणजे ज्याला टचस्क्रीनच नाही त्याच्यावरसुद्धा.

मदरबोर्ड दोन्हींत एकच असणार, टचस्क्रीनसाठीची पिन तिच्यावर असणारच. फर्मवेअर चालू होताना ती पिन डोळे झाकून उघडत होतं. एसीपीआयचे तक्ते मात्र खरं बोलत होते: या मशीनला टचस्क्रीन नाही. त्यामुळे लिनक्सने तिचा ड्रायव्हर चढवला नाही, आणि त्या पिनेवर ओ द्यायला कोणी नव्हतं. पलीकडे उपकरण नसलेली पिन कधी स्थिर राहायची, कधी नाही. म्हणून कधी चार मिनिटं, कधी २० सेकंद. ती एकदा का सुटली की लाखभर बेवारस हाका जमायला वेळ लागत नव्हता. कर्नेलने तार कापली, आणि त्याच तारेवरचा टचपॅड विनाकारण मारला गेला.

लॅपटॉप बनवणाऱ्यांनी रिकामी पिन उघडी ठेवायला नको होती, हे खरंच. पण विंडोजमध्ये ती कुणाच्या लक्षात येत नव्हती, आणि फर्मवेअरची परीक्षा बहुतेक वेळा तिथेच संपते.

दोष माझ्या पेन ड्राइव्हचाही होता. त्याच्यावरचं कर्नेल जुनं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये या कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरू होतानाच पिनांवरचे इंटरप्ट आधी बंद करतो आणि मग ज्याचा हक्कदार पुढे येईल तेवढीच पिन उघडतो. ताज्या आवृत्तीचा दुसरा पेन ड्राइव्ह बनवला, इन्स्टॉल न करता त्याच्यावरूनच लॅपटॉप चालू केला आणि मुलीला टचपॅडवर बसवलं. "अर्धा तास नुसतं बोट फिरवत राहा," म्हटलं. तिने पत्त्यांचा खेळ उघडला. मी अधूनमधून नोंदी बघत होतो. आयआरक्यू ७चं नाव नाही. बाण एकदाही अडखळला नाही, ती मात्र दोन डाव हरली.

डिस्कवरच्या लिनक्समध्ये नवं कर्नेल चढवलं आणि जुनं काढून टाकलं, नाहीतर ग्रबच्या, म्हणजे चालू होताना काय उघडायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतून कोणीतरी नेमकं तेच निवडणार. शेवटी ग्रबची सेटिंग फाइल सहज म्हणून उघडली, तर माझ्याच हातचे दोन पॅरामीटर तिच्यात मुक्काम ठोकून होते. सकाळच्या घाईत एकदा फाइलमध्येच लिहून ठेवले असणार. मधल्या खेपांना मी बूटच्या पडद्यावर खोडले, फाइल तशीच राहिली. तसाच लॅपटॉप दिला असता, तर वर्षभराने कोणीतरी त्या ओळीकडे बघत बसलं असतं की बाबा रे, नोएपिक इथे कशासाठी?

पाच वाजता मॅडम आल्या. त्यांना सगळं सांगितलं. पिन, हाक, कापलेली तार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लॅपटॉप उघडला, टचपॅडवर बोट फिरवून पाहिलं. मग शेजारच्या लॅपटॉपकडे बघितलं, जो त्यांच्या सहकाऱ्याचा होता.

"म्हणजे त्यांना टचस्क्रीन मिळाली आणि मला नाही?"

मुलगी हसू दाबत कॉफीचे कप उचलायला गेली. मी स्टिकरवरचं शेवटचं अक्षर दाखवलं.

"मागणीपत्र कोणी भरलं होतं, मॅडम?"

"मीच," त्या म्हणाल्या, आणि झाकण मिटलं.