तुम्ही विचारलंत म्हणून : क्लास न लावता गिटार येते का?

हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्याला बहुतेक वेळा एक शेपूट असतं : "तेही फुकटातल्या व्हिडिओंवरून?" येते. गाण्याला नीट साथ करण्याइतकी तर नक्की येते. शिकवण्यात फुकटची सामग्री कुठेच कमी पडत नाही, ती कमी पडते ऐकण्यात. व्हिडिओतला शिक्षक बोलतो, दाखवतो, पण तुमची तार खरखरतेय हे त्याला ऐकू येत नाही. क्लासमध्ये ते काम मास्तर करतात. घरी ते तुमच्याच कानांवर येतं.

आधी वाद्य तपासा. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेले कप्पे म्हणजे फ्रेट. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटची धातूची पट्टी यांच्यातली फट मोजा. पोलादी तारांच्या अकूस्टिकवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास फट असली की ठीक. तीनच्या बरीच वर गेली तर दोष तुमच्या बोटांचा नाही. दुसरी तपासणी : तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. ती कागदाइतकीच दिसायला हवी. जास्त असेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) खाचा उथळ आहेत आणि पहिल्या फ्रेटवरच्या सगळ्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) विनाकारण जड जाणार. दोन्ही दोष वाद्य दुरुस्त करणारा थोडक्या वेळात काढतो. पहिल्या तारा बारीक घ्या, .०१० पासून (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचात) सुरू होणारा संच. नायलॉनच्या गिटारवर मात्र पोलादी तारा चढवू नका. त्यांचा ताण जवळपास दुप्पट असतो आणि त्याने ब्रिज (पोटावरची, तारा जिथे अडकवतात ती पट्टी) उखडू शकतो.

तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सूर दाखवणारा ट्यूनर फुकटात मिळतो, मोबाइलमधला चालतो. तार तुटण्याचं नेहमीचं कारण असं, की छेडली एक आणि पिळली दुसरीच खुंटी. काटा हलत नाही म्हणून माणूस पिळतच राहतो. म्हणून छेडलेल्या तारेवर बोट ठेवून तिच्या खुंटीपर्यंत जा, मगच पिळा. सूर वर गेला असेल तर आधी थोडा खाली उतरवा आणि खालून वर आणत थांबा, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढिलाई राहते आणि तार पुन्हा उतरते. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस उतरतच राहतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता व्हिडिओत जे दिसतच नाही ते : दाब. बोट कुठे ठेवायचं हे कॅमेरा दाखवतो, पण किती दाबायचं हे दाखवू शकत नाही, आणि एकट्याने शिकणारे जवळपास सगळेच जास्त दाबतात. प्रयोग करा. तारेवर बोट नुसतं टेकवा आणि छेडत राहा. आधी 'टक' असा मेलेला आवाज येईल. दाब हळूहळू वाढवा, मग खरखर येईल, मग एकदम स्वच्छ सूर. तिथेच थांबा. आता हेच बोट दोन फ्रेटच्या मधोमध ठेवून करा, मग ब्रिजच्या बाजूच्या पट्टीला जवळजवळ चिकटवून करा. पट्टीजवळ निम्म्याहून कमी जोर लागल्यासारखा वाटतो. (तंबोऱ्यावर जवारी मुद्दाम काढतात. इथे तसलीच खरखर म्हणजे बोट मागे राहिलंय.) जास्त दाबाचा आणखी एक तोटा म्हणजे तार ताणली जाऊन सूर चढतो. मोकळ्या तारा सुरात आणि कॉर्ड बेसूर, असं झालं की आधी हाच संशय घ्या.

बोटांची टोकं दोन-चार आठवडे दुखतात, मग घट्टे पडतात. ते दुखणं चालेल. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपरापुढचा हात दुखत असेल, मुंग्या येत असतील, तर मात्र त्या दिवशी वाद्य खाली ठेवा.

कुठून शिकायचं? एक, आणि फक्त एक, क्रमवार अभ्यासक्रम निवडा. जस्टिन सँडरको यांचा 'जस्टिनगिटार' हा फुकट आणि नीट क्रमाने रचलेला आहे. दुसरा आवडला तर दुसरा, पण तीन महिने तो बदलू नका. रोज नवा व्हिडिओ बघणाऱ्याला गिटारबद्दलची माहिती भरपूर होते, गिटार येत नाही. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ केला तरी सूर बदलत नाही. संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं, स्वल्पविरामाने मागे. बोट कधी उचललं जातं हे बघायला यापरतं साधन नाही.

टॅब म्हणजे तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे मांडून लिहिलेलं वादन. तो वाचताना दोन गफलती होतात. टॅबमधली सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार, हातातल्या गिटारच्या बरोबर उलट. आणि साध्या टॅबमध्ये ताल लिहिलेला नसतो, तो गाणं ऐकूनच घ्यावा लागतो. शिवाय बहुतेक टॅब वाचकांनीच चढवलेले असतात, तेव्हा कानाला खटकलं तर चूक टॅबची असू शकते. तुमची गिटार सुरात आहे, कॉर्डही बरोबर आहेत, तरी मूळ गाण्याशी जुळत नाही? कित्येक ध्वनिमुद्रणांत सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवलेल्या असतात. तसं करून बघा.

कॉर्ड एकेकट्या घोकू नका, जोड्यांनी घ्या. खरी अडचण कॉर्डची नसते, एकीवरून दुसरीवर जाण्याची असते. ए मायनरवरून सी वर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलतच नाही, फक्त अनामिका जीच्या तारेवरून उठून एच्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. तरी नवशिके तिन्ही बोटं उचलतात. ई मेजर आणि ए मायनर यांचा आकार एकच, तो एक तार सरकतो एवढंच. जी चार बोटांनी धरलात, तर बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरची अनामिका डी मध्येही तिथेच राहते. कुठलं बोट राहतं आणि कुठलं जातं हे हात लावण्याआधी मनाशी बोला.

मग मिनिटभराची घडी लावून बदल मोजा. किती व्हायला हवेत याचा हिशोब सोपा आहे : मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत दर चार ठोक्यांना कॉर्ड बदलत असेल तर मिनिटाला २० बदल होतात. घरी सावकाश ३० जमले की गाण्यात २० निभतात. आठ-दहा होत असतील तर आज गाणं घेऊ नका, किंवा लय ४० वर आणा.

उजव्या हाताचा नियम एकच : हात थांबत नाही. तोंडाने "एक नि दोन नि तीन नि चार नि" म्हणा. आकड्यावर हात खाली, 'नि'वर वर. सगळीकडे ऐकू येणारा नमुना असा : एक, दोन-नि, (तीन गाळून) नि, चार-नि. गडबड तिसऱ्या ठोक्यावर होते. तिथे तारा छेडायच्या नसतात म्हणून लोक हातच थांबवतात आणि पुढचा 'नि' उशिरा पडतो. हात खाली जाऊ द्या, फक्त तारांना लागू देऊ नका. हे डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून, ६० च्या मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप), कॉर्डशिवाय करा. कंटाळवाणं आहे, आणि टाळलंत तर पुढे कळतं.

आता तो कान. आठवड्यातून दोनदा मोबाइलवर दोन मिनिटं वाजवलेलं टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर हाताची मेहनत आठवत राहते आणि चुका माफ होतात. एका वेळी एकच गोष्ट शोधा : आज फक्त कॉर्ड बदलताना लय थबकते का, पुढच्या वेळी फक्त कुठली तार मुकी राहते. कॉर्डमधली तार मुकी राहिली तर एकेक तार वेगळी छेडा. दहातल्या आठ वेळा शेजारचं बोट आडवं पडून तिला लागत असतं.

रोज वीस मिनिटं पुरतात : दोन सुरात लावायला, पाच बदलांना, पाच स्ट्रमिंगला (उजव्या हाताने तारा छेडण्याला), उरलेली गाण्याला. रविवारी अडीच तास बसणाऱ्यापेक्षा रोज वीस मिनिटं वाजवणारा पुढे जातो, कारण बोटांना मधल्या रात्री लागतात.

आणि एफ कॉर्ड. बहुतेकांची गिटार इथेच कपाटावर चढते. नटच्या अगदी जवळ तार सगळ्यात ताठ लागते, म्हणून बॅरे (तर्जनी आडवी टाकून अनेक तारा एकदम दाबणं) पहिल्या फ्रेटवर शिकूच नका. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा (ती होते ए) आणि दर तीन-चार दिवसांनी एक फ्रेट खाली या. तर्जनी सपाट न ठेवता किंचित कडेवर, हाडाच्या बाजूला वळवा. सहाही तारा तिने दाबायच्या नाहीत. मधल्या तीन तारा बाकीची बोटं सांभाळतात. तिच्या वाट्याला (बारीक तारेपासून मोजून) पहिली, दुसरी आणि सहावी एवढ्याच येतात. तोवर गाण्यात चारच तारांचा छोटा एफ चालवा.

तीन महिन्यांनंतरही मनगट दुखत असेल किंवा एकच खरखर जात नसेल, तर चांगल्या वादकाकडे एकदाच तासभर बसा आणि फक्त हात दाखवा. धडे मागू नका, ते तुमच्याकडे भरपूर आहेत.