आमची वाटचाल : डीव्हीडीपासून पेनड्राइव्हपर्यंत

लग्नाचं शूटिंग हा आमचा धंदा. तो सुरू झाला तेव्हा सगळं गणित डीव्हीडीच्या ४.७ जीबीत बसवावं लागायचं. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, तीन तासांचं लग्न एकाच डिस्कवर हवं असायचं. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. त्याला १०,८०० सेकंदांनी भागलं की हाती येतात जेमतेम ३.४८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट. मेनू वगैरेसाठी चार टक्के सोडा, आवाजाचे ०.१९२ वजा करा, चित्राला उरले ३.१५. डीव्हीडीवर चित्राची मुभा ९.८ पर्यंत, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यात काम भागवायचं. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवला तर एकटा तोच दीड एमबीपीएस खातो, म्हणून दाबलेल्या एसी-३ शिवाय पर्याय नव्हता.

टू-पासची, म्हणजे एकच व्हिडिओ दोनदा तपासून दाबण्याची, सवय तेव्हाच लागली. एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) मागच्या फ्रेममधला तुकडा उचलून पुढच्या फ्रेममध्ये सरकवतो आणि बिट वाचवतो. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाजवळ फारशी हालचाल नसते, तिथे थोडक्यात भागतं. प्रत्येक ‘सावधान’ला मात्र चारही बाजूंनी अक्षता येतात, दाणा न् दाणा वेगळ्या दिशेने, आणि दोन फ्रेममध्ये जुळणारं काही सापडत नाही. सगळीकडे सारखाच बिटरेट (सेकंदाला मिळणारे बिट) दिला तर नेमके नवरा-नवरीचे चेहरे ठोकळ्यांत जातात. पहिल्या पासात अशा अवघड जागा नोंदल्या जातात, दुसऱ्यात शांत प्रसंगांतून वाचलेले बिट तिकडे वळतात.

पेनड्राइव्ह आणि एच.२६४ ही व्हिडिओ दाबायची नवी पद्धत आल्यावर जागेची चणचण गेली, तेव्हापासून आम्ही सीआरएफवर आलो. यात साइज नाही, चित्राचा दर्जा आकड्याने ठरवायचा; आकडा लहान तितका दर्जा चांगला. एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये मूळ आकडा २३. १०८० रिझोल्यूशनसाठी आम्ही १९-२० ठेवतो. आकडा सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. पण किती जीबी होईल, हे सीआरएफ आधी सांगत नाही. म्हणून साइज ठरलेली असेल तर टू-पास, नसेल तर सीआरएफ. ठरलेली साइज आणि ठरलेला दर्जा दोन्ही एकदम मागू नये.

एक अडचण राहिलीच. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केला तर त्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि ही मर्यादा नसलेला एक्सफॅट फॉरमॅट जुने टीव्ही वाचत नाहीत. ३.९ जीबीत ८ एमबीपीएसने तासाभराचं चित्र मावतं. म्हणून सीमंतपूजन, लग्न, रिसेप्शन अशा वेगळ्या फाइली. (अख्खं लग्न एका फाइलीत बघतं तरी कोण?)

फाइल खरी फुगवतो तो अंधाऱ्या हॉलमधला नॉईज, म्हणजे चित्रातले वळवळणारे ठिपके. तो दर फ्रेमला नवा असतो, त्यामुळे एन्कोडर त्यालाच तपशील समजून बिट ओततो. एन्कोडच्या आधी हलका डीनॉईज (ते ठिपके पुसणारा फिल्टर) दिला की त्याच सीआरएफला फाइल उतरते. जास्त दिला तर शालूची जर पुसट होते.

सेटिंग ठरवायला अक्षता, वरात आणि रिसेप्शन यांचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे १८, २० आणि २२ सीआरएफवर काढून पेनड्राइव्हवरून टीव्हीवर बघावेत. पूर्ण फाइलच्या साइजचा अंदाज त्यांवरून बांधू नये, कारण हे सगळ्यात जड तुकडे.

नव्वद सेकंदांची आमंत्रणाची क्लिप १५ एमबीत हवी असेल तर एकूण १,३३३ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) मिळतात : आवाज ९६, चित्र १,२००, रिझोल्यूशन ७२०. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर तिथे ती पुन्हा दाबली जाते.

एच.२६४ नंतरच्या एचईव्हीसीत फाइल बरीच लहान होते. तरी पार्टीला आम्ही ८ बिट एच.२६४ च देतो, आजीच्या खोलीतला टीव्ही तेवढंच उघडतो.