अण्णांच्या गोळ्यांचा हिशोब

महिना सरला तरी अण्णांच्या डब्यात रक्त पातळ करणाऱ्या २२ गोळ्या शिल्लक होत्या. मी दर रविवारी मुलुंडला जाते, तेव्हा त्यांच्या औषधांचा डबा लावते, म्हणून लक्षात आलं. खोदून विचारल्यावर म्हणाले, "अगं, संध्याकाळची सोडतो अधूनमधून. पेन्शनीत किती बसवायचं?"

माझ्या पोटात गोळाच आला. अण्णांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित. त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. ती होऊ नये म्हणून ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. महिन्याच्या ६० गोळ्यांचं बिल २,४०० च्या आसपास जायचं. बीपी आणि कोलेस्टेरॉलची औषधं वेगळीच.

सोमवारीच सुट्टी टाकून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. या गोळीचा असर साधारण अर्धा दिवसच टिकतो, संध्याकाळची चुकली की रात्र उघडी पडते, असं त्यांनी अण्णांना नीट समजावलं. मग मी विचारलं, रक्त पातळ करणारीच पण स्वस्तातली वॉरफरिन गोळी चालेल का? चालेल, पण तिच्याबरोबर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी येते, सुरुवातीला तर वारंवार. पालेभाजीचं प्रमाणही रोज सारखं ठेवावं लागतं, कारण तिच्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. अळूचं फदफदं असलं की दोन वाट्या खाणारे अण्णा! तपासणीचे पैसे, लॅबपर्यंत रिक्षा आणि सोबतीला माणूस धरला तर आमच्यासाठी बचत फारशी उरत नव्हती. (हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना मात्र वॉरफरिनसारखीच गोळी लागते, तिथे ॲपिक्साबॅन चालत नाही.)

डॉक्टरांनीच मग खरी वाट दाखवली. ॲपिक्साबॅनचं भारतातलं पेटंट सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांची तीच गोळी बाजारात आली. त्यांनी चिठ्ठीवर ब्रँड न लिहिता औषधाचं नाव आणि मात्रा लिहिली. घरी येऊन सरकारच्या ‘फार्मा सही दाम’ ॲपवर त्याच औषधाचे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव बघितले. एकाच गोळीत इतका फरक! हे आम्हाला आधी कोणीच का सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

जवळच्या जनऔषधी केंद्रात त्या दिवशी ती गोळी नव्हती, पण बीपीचं टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलचं ॲटोर्व्हास्टॅटिन मिळालं आणि तिथेही बिल चांगलंच उतरलं. ॲपिक्साबॅन दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या कंपनीचं घेतलं. ६० गोळ्या हजाराच्या आत. पट्टी नेऊन डॉक्टरांना दाखवली, त्यांनी होकार दिल्यावरच सुरू केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा बिलावर तेही बघून घ्या. आणि गोळी बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच. वॉरफरिनवरून ॲपिक्साबॅनवर येताना आयएनआर २ च्या खाली आल्यावरच नवी गोळी सुरू करतात, हे मला तिथेच कळलं.

आता रविवारी मी गेले की अण्णा आधी रिकाम्या पट्ट्या टेबलावर मांडतात. १४ गोळ्यांची जागा रिकामी दिसली की मगच मी चहा टाकते.