खिडकीतून टाकलेली टोपी

स्वारगेटला महाबळेश्वरची साधी एसटी फलाटाला लागली, तेव्हा दारात रेटारेटी सुरू होण्याआधीच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या आत पडू लागल्या होत्या. त्यांत एक पांढरी, कडेला मळलेली गांधी टोपीही होती. मी आत शिरले तेव्हा तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी ती पडलेली होती आणि एक तरुण ती उचलून बाजूला ठेवण्याच्या बेतात होता.

"टोपीनं तिकीट काढलंय का?" असे त्याने विचारले. नियमाने त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण आरक्षण नसलेल्या आसनावर जो आधी बसेल, त्याचा हक्क. तरीही आसपासच्या चार-पाच जणांनी, ज्यांचा त्या टोपीशी काही संबंध नव्हता, एकदम तिची बाजू घेतली. "अहो, म्हातारं माणूस आहे, खाली उभंय," असे मागून कुणीतरी म्हणाले. थोड्या वेळाने आजोबा आजींचा हात धरून वर आले, तेव्हा त्याच तरुणाने आजींचे गाठोडे न सांगता फळीवर चढवले. कंडक्टरने आजींचे आधार कार्ड पाहून त्यांना शून्य रकमेचे तिकीट दिले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. मला निम्म्या भाड्यात तिकीट मिळाले, कारण महिलांसाठी ती सवलत मार्च २०२३ पासून लागू आहे.

खंबाटकी चढून गाडी सुरूर फाट्याला वळेपर्यंत मी याच गोष्टीचा विचार करत होते. ज्याला दारातल्या गर्दीत खांदा लावता येत नाही, त्याच्यासाठी खिडकी हाच मार्ग उरतो आणि अनोळखी प्रवासी तो मान्य करतात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र एकाच धडधाकट माणसाने रुमाल, बॅग आणि वर्तमानपत्र पसरून मित्रांसाठी तीन जागा अडवाव्यात, याचा मला तितकाच संताप येतो. त्या दिवशी तसे एक टोळके मागच्या बाकांवर होते आणि एक बाई कडेवरच्या मुलासह वाई मागे पडली तरी उभीच होती. पसरणीच्या घाटात वळणावळणाला तिचा तोल जाऊ लागला, तेव्हा कुठे त्यांच्यापैकी एक जण उठला.

 

मुंबईत बेस्टच्या थांब्यावर लोक रांग लावतात. तशीच रांग गाडी जिथून सुटते त्या स्थानकांवर लावावी, वृद्धांना आणि लेकुरवाळ्या बायांना आधी चढू द्यावे आणि मगच इतरांसाठी दार मोकळे करावे, असे मला वाटते. तसे झाले, तर आजोबांना भर उन्हात बोडक्या डोक्याने खिडकीखाली उभे राहावे लागणार नाही.