शेअर सर्टिफिकेटवर नाव आहे, पण ते आलं कुठून? मुंबईत रीसेल फ्लॅट घेतानाचा माझा अनुभव

मुंबईत सोसायटीतला जुना फ्लॅट बघायला लागलं की ‘टायटल एकदम क्लिअर आहे’ हे वाक्य सगळीकडून ऐकू येतं. मुलुंडचा फ्लॅट घेताना मला ते एजंटनेही सांगितलं, विकणाऱ्यानेही आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनीही. माझ्या वकिलांनी पहिल्याच बैठकीत एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर तिघांपैकी एकाकडेही नव्हतं. व्यवहार पुढे नीट पार पडला, घर नावावर झालं. पण मधे जो काळ वाया गेला त्याची चीड अजून गेलेली नाही, कारण ते काम सोसायटीने आणि विकणाऱ्या कुटुंबाने कित्येक वर्षं आधी करायला हवं होतं.

वकील निवडण्याबद्दल आधी सांगतो. मुंबईत अजून सॉलिसिटरची वेगळी परीक्षा होते. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ती घेते, आणि त्यासाठी तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी, करावी लागते. पागडीची इमारत, ट्रस्टची किंवा कलेक्टरची जमीन, भाडेपट्टा असा गुंता असेल तर फोर्टातल्या सॉलिसिटर फर्मची फी देणं परवडतं. सोसायटीतल्या साध्या रीसेल फ्लॅटला मात्र रोज कन्व्हेयन्सिंग, म्हणजे मालमत्ता हस्तांतरणाचे दस्त, करणारा चांगला ॲडव्होकेट पुरतो. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे नाव ओळखीतूनच मिळणार. फक्त ती ओळख एजंटची नको. विकणाऱ्याचं काम करणारा वकील ‘दोघांचंही करून देतो’ म्हणाला तरी नको. आणि बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाने रिपोर्ट दिला म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका. तो बँकेसाठी काम करतो. बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का, एवढंच तो बघतो, आणि त्याचा रिपोर्ट बऱ्याचदा आपल्या हातात येतही नाही.

फी ठरवताना त्यात काय काय येतं ते लिहून घ्या: तीस वर्षांचा सर्च (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध), वर्तमानपत्रातली नोटीस, कराराचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, सोसायटीतलं ट्रान्सफर. सर्च रिपोर्टला सरकारी पावत्या जोडलेल्या हव्यात. पावती नसेल तर सर्च झालाच नाही असं समजा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येते, पण जुन्या नोंदींसाठी माणसाला कार्यालयात जाऊन रजिस्टर चाळावी लागतात. त्यासाठी दस्ताचं वर्ष, क्रमांक आणि कार्यालय हवं. नुसता नंबर दिला तर काही सापडत नाही.

आता तो प्रश्न. शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाच्या दाखल्याच्या, मागे विकणाऱ्याचं नाव चढवलेलं होतं आणि त्याआधी त्याच्या वडिलांचं होतं. वकिलांनी विचारलं, “वडिलांकडून मुलाकडे नाव आलं ते कोणत्या कागदावर?” उत्तर आलं, “नॉमिनेशनवर.” पुढचा प्रश्न होता, “वडील गेले तेव्हा त्यांची आई हयात होती का?”

इथे सगळं थांबलं. नॉमिनी मालक होत नाही. सोसायटीच्या दृष्टीने तो वारसांच्या वतीने नाव धरून असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर करून द्यायचे, पण त्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर सहकारी संस्था कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सदस्य असंच म्हटलं आहे. तरीही सोसायटीच्या कार्यालयात मला पुन्हा पुन्हा एकच ऐकवलं गेलं: “आमच्या रेकॉर्डला नाव आहे ना, मग झालं.” झालं नव्हतं. फ्लॅट विकायचा हक्क त्या एका नोंदीने येत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई या सगळ्यांना सारखा वाटा. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. आईचा वाटा तर लोक साफ विसरतात, आणि गुंता तिथेच होतो. या घरात वडील गेले तेव्हा पत्नी, मुलगा, मुलगी आणि आजी असे चार वारस होते, प्रत्येकी पाव हिस्सा. विकणाऱ्याची आई नंतर गेली. तिचा पाव हिस्सा दोन्ही मुलांकडे आला, तिथे अडचण नव्हती. आजीही नंतर गेल्या, आजोबा त्यांच्या आधीच गेलेले. त्यामुळे आजींचा पाव हिस्सा त्यांच्या तिन्ही मुलांच्या शाखांत वाटला गेला: विकणाऱ्याच्या वडिलांची शाखा, काका आणि आत्या. म्हणजे काकांचा या फ्लॅटमध्ये बारावा हिस्सा आणि आत्यांचाही बारावा हिस्सा. त्या दोघांनी कधी या फ्लॅटचा कर भरला नसेल, इथे राहिले नसतील, तरी हिस्सा आहे. आत्या परदेशात होत्या.

विकणाऱ्याने उत्साहाने एक कागद पुढे केला. बहिणीचं हक्कसोडपत्र, स्टँपपेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेलं. सोसायटीने ते फाइलला लावून घेतलं होतं. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडण्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच लागतो, नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही. म्हणजे काका आणि आत्या तर सोडाच, बहिणीचाही हक्क सुटलेला नव्हता. एवढ्या वर्षांत कमिटीवरच्या एकाही माणसाने हे विचारलं नाही, याचा मला खरोखर संताप आला.

त्यात भर म्हणजे नॉमिनेशनचा अर्ज आणि त्या वेळचा कमिटीचा ठराव दाखवायला सोसायटी तयार नव्हती. अशा वेळी भांडत बसू नका. खरेदीदाराला तो अधिकार नाही, सदस्याला आहे. आपल्या व्यवहाराशी संबंधित नोंदी बघण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क सहकारी संस्था कायद्यात सदस्याला दिला आहे. विकणाऱ्याच्या सहीने लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि टाळाटाळ झाली तर वॉर्डच्या उपनिबंधकांकडे जा. अर्जावर पोच मिळाल्यावर आमच्या प्रती बाहेर आल्या.

मग कागद या क्रमाने लागले. वडील, आई, आजोबा, आजी या सगळ्यांचे मृत्यू दाखले. तारखांचा क्रम इथे सगळं ठरवतो, म्हणून मूळ दाखलेच बघा. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, त्यात मृत्युपत्र केलेलं नसल्याचा स्पष्ट उल्लेख. बहीण आणि काका यांचं विकणाऱ्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. मुद्रांक नाममात्र बसतो की पूर्ण, हे नात्यावर आणि पैसे घेतले का यावर ठरतं, म्हणून मसुदा आधी दाखवून घ्या. वारसांत कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर न्यायालयाची परवानगी लागते आणि मग व्यवहाराचं वेळापत्रकच बदलतं.

आत्यांसाठी मुखत्यारपत्र. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र नोंदणीला चालायचं असेल तर ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात करावं लागतं, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं. ही मुदत फार लोक चुकवतात. मजकुरात फ्लॅटचं पूर्ण वर्णन हवं, आणि हक्कसोडपत्रावर सही करणं, ते नोंदणीला सादर करणं, निबंधकासमोर कबुली देणं ही तिन्ही कामं वेगवेगळी नमूद हवीत. ‘सर्व कामे करणे’ एवढ्यावर निबंधक कार्यालयातून परत पाठवतात. पहिला मसुदा तसाच आला होता. आमच्या वकिलांनी तो सहीच्या आधी थांबवला म्हणून आणखी एक फेरा वाचला.

आत्यांना पैसे द्यायचे असतील तर ते हक्कसोडीच्या आडून देऊ नका. मग त्यांना विक्रेता म्हणूनच करारात घ्यायचं. अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) एक टक्का नसतो, त्याचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त. तो कापायची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे आपली. निवासी विक्रेता असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का कापून भरायचा, हे बहुतेकांना माहीत असतं.

नोटीस एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात दिली, चौदा दिवसांची. तिच्यात शेअर सर्टिफिकेटचा नंबर, मृत सदस्यांची नावं आणि वारसांची नावं छापा. नुसतं ‘अमुक फ्लॅट’ लिहिलं तर ज्याने हरकत घ्यायची त्याला कळत नाही आणि नोटिशीचा उपयोग उरत नाही.

टोकन (सुरुवातीची विसाराची रक्कम) देण्याआधी हे सगळं विचारा, हे मी वर लिहायला हवं होतं. द्यायचंच असेल तर लहान रक्कम, आणि पावतीवर ‘टायटल क्लिअर न निघाल्यास पूर्ण परत’ ही ओळ. माझ्या पावतीवर ती होती, म्हणून इतका काळ मी शांतपणे थांबू शकलो.

बाकी टप्पे सरळ गेले. वडिलांचा मूळ करार १० डिसेंबर १९८५ च्या आधीचा होता. त्या तारखेपासून पुढच्या फ्लॅट करारांवर पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं, आणि कमी भरलेलं असेल तर फरकावर दरमहा दोन टक्के दंड चढतो, फरकाच्या चौपटीपर्यंत. साखळीतला प्रत्येक करार या तारखेशी ताडून बघा. आताच्या खरेदीवर मुंबईत सहा टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर पाच, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि मालमत्ता पत्रक वकिलांनी आधीच मागवलं होतं. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का, हे सोसायटीला लेखी विचारा.

ट्रान्सफरच्या वेळी सोसायटीने ‘डोनेशन’ मागितलं तर देऊ नका. हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये आणि प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्यापुढे एक पैसाही नाही.

शेवटचा चेक देताना मूळ हक्कसोडपत्रं, मुखत्यारपत्र आणि मृत्यू दाखल्यांच्या प्रमाणित प्रती ताब्यात घ्या. कर्ज असेल तर मूळ दस्त बँक ठेवून घेते, म्हणून बँकेच्या पोचपावतीवर ‘कागदपत्रांचा संच’ असं मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक दस्ताचा क्रमांक आणि तारीख वेगळी लिहून घ्या.