ईस्टला उतर

मावशीनं फोनवर पत्ता सांगितला तो असा : "दादरला स्लो पकड, पार्ल्याला ईस्टला उतर आणि तिथून कोणालाही विचार." संपला पत्ता. मी वही-पेन घेऊन बसले होते. चौक, देऊळ, बँक, गेला बाजार एखादं पिंपळाचं झाड तरी लिहायला मिळेल, अशी अपेक्षा होती. वहीत उतरले तीनच शब्द. स्लो, पार्ले, ईस्ट. आणि त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाला मी त्याच दिवशी चुकले.

दादरला समोर आलेल्या गाडीत मी चढले, म्हणजे मागच्या बायकांनी मला चढवलं. वांद्रे आलं, गेलं. खार, सांताक्रूझ न थांबता मागे पडले, तेव्हा मला उलट बरंच वाटलं, चला, लवकर पोचतोय. मग विलेपार्ल्याची पिवळी पाटी दिसली. ती पूर्ण वाचून झाली तरी गाडीचा वेग कमी होईना. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखलं. "फास्ट आहे ही. अंधेरीला उतरा आणि स्लो घेऊन एक स्टेशन मागे या." त्यांच्या आवाजात ना कीव होती, ना हसू. अशा बायका त्या बहुधा रोजच परत पाठवत असाव्यात.

मागे आले आणि गर्दी जिकडे चालली होती तिकडून बाहेर पडले. ती गर्दी वेस्टची होती. मावशीची सोसायटी तिथे कोणाच्या गावीही नव्हती. चौथ्या माणसानं, एका केळेवाल्यानं, सोसायटीचं नाव पुरतं ऐकूनही न घेता विचारलं, "ईस्ट की वेस्ट?" मी वही काढून बघितली. त्यानं हातातल्या केळ्यानं पुलाकडे बोट दाखवलं. मावशीनं दार उघडल्या उघडल्या विचारलं, "अगं, ईस्ट म्हटलं होतं ना मी?"

त्यानंतर मुंबईत माझ्या पुष्कळ फेऱ्या झाल्या, पण राहिले कधीच नाही, त्यामुळे पाहुणेपण काही सुटलेलं नाही. एका गोष्टीचं नवल मात्र अजून ओसरत नाही. हे शहर समुद्रात वसलेलं. सात बेटं भराव घालून जोडली तेव्हा कुठे त्याला जमीन मिळाली. आणि तरी रस्ता सांगताना समुद्राचं नाव कोणीही काढत नाही. सगळे सांगतात ते रुळांवरून. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. पुढे शहर वाढलं ते त्या रुळांना धरून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं एकापुढे एक. रुंदीला वाव नव्हता, समुद्र आणि खाडी आड येत होती. मग जे काय वाढायचं ते लांबीनं. चर्चगेटहून विरार सुमारे ६० किलोमीटर. एवढ्या अंतराला आमच्याकडे परगाव म्हणतात, इथे लोक तिथून रोज कामाला येतात.

तर पूर्व म्हणजे सूर्य उगवतो ती नव्हे, रुळांच्या अलीकडची किंवा पलीकडची बाजू. गंमत म्हणजे रूळही एका जोडीचे नाहीत. पश्चिम रेल्वे वेगळी, मध्य रेल्वे वेगळी, आणि दोघींची आपापली पूर्व-पश्चिम. त्यामुळे घाटकोपर पश्चिम हे पार्ले पूर्वेच्या चांगलंच पूर्वेला आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा नकाशात पाहून स्वतःशी मोठ्यानं म्हटलं आणि मग मावशीला ऐकवलं. ती म्हणाली, "मग? बरोबरच आहे." तिला त्यात खटकण्यासारखं काहीच दिसेना.

या दोन रेषांमधलं आडवं अंतर हीच पाहुण्याची खरी परीक्षा. उभ्या दिशेनं तुम्ही तासाभरात कुठल्या कुठे जाल. आडवं जायचं म्हटलं की रिक्षा, सिग्नल आणि रिक्षावाल्याचं मौन. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा ११.४ किलोमीटरच्या रेषेचं लोकांना एवढं कौतुक का, ते मला अंधेरीच्या पुलावरून खाली दिसणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहून कळलं. आता तर जमिनीखालून आरे ते कफ परेड मेट्रोही आहे, २०२५च्या ऑक्टोबरपासून पूर्ण मार्गावर. थंडगार, स्वच्छ. पण खिडकीबाहेर काळोख, वर आल्यावर आपण शहराच्या कुठल्या कोपऱ्यात उगवलो याचा पत्ता नाही. मला आपली लोकलच बरी वाटते, तिच्यात चुकलो तर निदान चुकल्याचं दिसतं.

लोकलचा बायकांचा डबा ही मात्र शिकायची गोष्ट. तिथे रिकामी जागा शोधायची नसते, भरलेली शोधायची असते. बसलेल्या बाईसमोर उभं राहायचं आणि एकच शब्द म्हणायचा : "कुठे?" म्हणजे तुम्ही कुठे उतरणार. ती म्हणते "अंधेरी." मग आपण म्हणायचं, "मला द्या." मी हे शिकून घेतलं आणि ऐटीत एकीला विचारलं. "अंधेरी," ती म्हणाली. मी खूश. "पण दिलीय." शेजारचीला विचारलं. "दादर. दिलीय." तिसरी म्हणाली, "मालाड, पण तीसुद्धा..." आणि मान हलवली. साऱ्या डब्याच्या जागांचे साखरपुडे आधीच उरकलेले होते. मुहूर्त फक्त आपापल्या स्टेशनावर लागायचे होते. याची कुठे नोंद नाही, पावती नाही, आणि तरी दिलेला शब्द कोणी मोडत नाही. नंतर एकदा मला एकीनं आपणहून जागा देऊ केली, तर मी सवयीनं म्हणाले, "दिलीय का कुणाला?" ती हसली. तेवढ्यापुरती मी मुंबईकर.

बाकी बारीकसारीक ठेचा खूप. दादरला पूर्वी मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट आपापल्या एकपासून मोजत. 'एक नंबरवर भेटू' म्हणून दोघी दोन एक नंबरांवर उभ्या, हे आमचं झालेलं आहे. २०२३च्या डिसेंबरपासून आकडे सलग झाले ते बरं झालं. मध्य रेल्वेवर कसाऱ्याच्या गाडीला 'एन' आणि कर्जतच्या गाडीला 'एस' हे अक्षर का, हे कळायला कल्याणपाशी रूळ ईशान्येला आणि आग्नेयेला फुटतात हे माहीत पाहिजे. रविवारी पाहुण्यांना हिंडायची हौस असते आणि नेमका रविवारीच मेगाब्लॉक. उतरायचा फलाट कुठल्या हाताला येणार, हे एक स्टेशन आधी कळलं नाही तर दोन्ही दारं सारखीच निरुपयोगी. बेस्टच्या बसनं मात्र मराठी माणसाला कधी परकं केलं नाही. तिच्या कपाळावर आकडा देवनागरीत. परप्रांतातले पाहुणे त्याकडे बघत गोंधळलेले असतात तेव्हा आपण उगाच जरा ताठ उभे राहतो. मोठ्या शहरात ताठ उभं राहायचे प्रसंग तसे कमीच.

दक्षिणेला गेलं की ही सगळी विद्या वाया जाते. आधी रिक्षा संपते. माहीम आणि शीवच्या अलीकडे ती येतच नाही. दादरला उतरून मी एकाला "रिक्षा स्टँड कुठे?" विचारलं होतं, त्याला बराच वेळ काही बोलताच आलं नाही. मग रूळच संपतात, चर्चगेटला. आणि रूळ संपले की ईस्ट-वेस्टही संपतं. तिथे प्रथमच कोणी तरी डावी-उजवीकडे सांगतं. मरीन ड्राइव्हला पाठ करून अर्धा तास पायी चाललं की गेटवे, म्हणजे पुन्हा समुद्र. मावळतीचा सूर्य पाण्यात बुडतो तो मरीन ड्राइव्हला, आणि पहाटे गेटवेला गेलात तर उगवतोही पाण्यावरच. आयुष्यभर समुद्र म्हणजे पश्चिम हे पाठ केलेलं, त्यामुळे गेटवेच्या कठड्याशी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आपण उलटे उभे आहोत की काय असं मला क्षणभर वाटलं.

चर्चगेटला जाणाऱ्या स्लो गाडीत मी उजवीकडची खिडकी धरते. चर्नी रोड सुटलं की जिमखान्यांची मैदानं लागतात आणि त्यांच्यापलीकडे, रस्त्याच्या वर, समुद्र दिसतो. जेमतेम काही सेकंद. गेल्या खेपेला शेजारच्या बाई मोबाइलमध्ये होत्या. मी मान वळवून पुढे वाकले तशा त्यांनी पाय आवरून घेतले.

"मरीन लाइन्स उतरणार?"

"नाही, नाही. बघत होते."

"काय?"

त्यांनीही मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. तोवर फलाट आला होता.