थुंकी दोन मिली, आकडा ९६

आमचं काम थुंकीपासून सुरू होतं. नळीवर एक रेघ असते, तिथपर्यंत दोन मिली थुंकी भरायची, फेस मोजायचा नाही. आधी अर्धा तास खाणंपिणं बंद, च्युइंगगमसुद्धा. ऐकायला सोपं वाटतं, पण बारा वर्षांचं पोर अनोळखी बाईसमोर बसलं की त्याचं तोंड ठणठणीत कोरडं पडतं. इथल्या मुलांना मी चिप्सवर शिंपडतात त्या व्हिनेगरची आठवण करून देते. त्या दिवशी मात्र सवयीने तोंडातून गेलं, "कैरी आठव. तिखट-मीठ लावलेली." पोरगा स्कॉटलंडमध्येच जन्मलेला, तो नुसता बघत राहिला. शेजारी बसलेल्या त्याच्या आजींनी मात्र आवंढा गिळला.

२०१६च्या हिवाळ्यातली गोष्ट. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात मी रिसर्च नर्स आहे. दमा असलेल्या मुलांना कुठलं औषध द्यायचं हे थुंकीतलं जनुक बघून ठरवता येईल का, असा आमच्या अभ्यासाचा विषय. मराठी कुटुंब आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. आई, मुलगा आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या आजी, म्हणजे मुलाच्या वडिलांची आई. मी मराठी बोलते म्हटल्यावर आजींनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

"म्हणजे हे रक्तातनं आलंय का, ते बघणार तुम्ही?"

"नाही आजी, औषध..."

"आमच्याकडे कुणाला दमा नव्हता हो. हिच्या वडिलांना होता."

आई खिडकीबाहेर बघायला लागली. हे वाक्य तिने घरी किती वेळा ऐकलं असेल ते तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

मी संमतिपत्रक बाजूला ठेवलं. हे जनुक दमा देणारं नाही, हे समजावणं माझ्या कामातला सगळ्यात चिवट भाग. फुप्फुसांतल्या नळ्यांभोवती जे स्नायू असतात, त्यांच्या पेशींवर पंपातल्या औषधासाठी कुलपं असतात. ती कुलपं घडवणारं जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे, नाव एडीआरबी-२. कुलपाच्या साखळीत सोळाव्या जागी काहींना आर्जिनीन मिळतं, काहींना ग्लायसिन; दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे मणी. आर्जिनीनवाल्यांनी रोजच्या रोज किल्ली फिरवली तर कुलपं लवकर आत ओढली जातात, औषधाला बसायला जागा कमी पडते, असा तर्क आहे. २००९ साली स्कॉटलंडमधल्याच टेसाइड आणि फाइफ भागांतल्या १,१८२ मुलांच्या आणि तरुणांच्या अभ्यासात हे दिसलं होतं: आर्जिनीन असेल आणि अशी औषधं रोज घेतली जात असतील तर दम्याचे झटके जास्त. मग वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी आपापली माहिती एकत्र केली. हा पोरगा आमच्याकडे आला त्याच वर्षी, २०१६ साली, ४,२२६ मुलांचं विश्लेषण छापून आलं. स्टेरॉइडच्या जोडीला नळ्या उघडणारं, लांब टिकणारं औषध घेणाऱ्या मुलांत आर्जिनीनच्या एकेका प्रतीमागे झटक्याचं पारडं साधारण दीडपट जड होत होतं. नुसतं स्टेरॉइड घेणाऱ्यांत तसं काही नव्हतं.

आकडे मी आजींना सांगितले नाहीत. एवढंच सांगितलं की या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही आर्जिनीनच्या निघाल्या, तर दोन्ही घरांनी एकेक दिलेली.

आजी गप्प झाल्या. आईने खिडकीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

नळी भरायला अकरा मिनिटं लागली. टोपण घट्ट केलं, आतलं निळं द्रावण खाली उतरलं, नंबराची चिठ्ठी चिकटवली. पुढचं काम रोजचंच, पंप तपासणे. पोराने दप्तरातून दोन पंप काढले. इथे रंगांवरूनच बोलतात. निळा म्हणजे धाप लागल्यावर घ्यायचा, जांभळा म्हणजे स्टेरॉइड आणि लांब टिकणारं औषध एकत्र, तो रोजचा. निळ्याच्या तोंडावर दातांच्या खुणा होत्या, रंग उडाला होता. जांभळा कोरा करकरीत. त्याच्या पाठीवर छोटी खिडकी असते, किती फवारे उरले ते त्यात दिसतं. नवा असताना १२०.

खिडकीत ९६ होतं.

सहा आठवड्यांपूर्वी दिलेला पंप. सकाळी दोन, रात्री दोन. एव्हाना तो संपून दुसरा सुरू व्हायला हवा होता. गेले चोवीस फवारे. डॉक्टरांच्या कागदावर मात्र स्वच्छ लिहिलेलं, 'उपचाराला प्रतिसाद कमी', आणि त्याच ओळीमुळे मुलगा आमच्याकडे पाठवलेला.

त्या पोराचं मला कौतुकच वाटलं, खरं सांगते. काही मुलं तपासणीच्या आदल्या दिवशी बेसिनवर उभी राहून फवारे सोडून आकडा खाली आणतात. याच्या डोक्यात ते आलं नव्हतं.

मी काही विचारायच्या आतच आजी म्हणाल्या, "मीच सांगितलं. सवय लागते पंपाची. हिच्या वडिलांचा काही सुटला नाही शेवटपर्यंत." ज्येष्ठमध आणि अडुळशाचा काढा त्या सांगलीहून घेऊन आल्या होत्या. आईला हे माहीत नव्हतं. सकाळी सातला ती कामावर जाते, पंप घ्यायच्या वेळी घरात आजीच.

माझ्या आईनेही भावाचा पंप कपाटात, पाहुण्यांना दिसणार नाही असा ठेवला होता. त्यामुळे रागवायला तोंड नव्हतं. मी दोन्ही पंप टेबलावर ठेवले. "आजी, सवय लागायची भीती ज्याची वाटते, तो हा निळा. तो हा दिवसातून पाच-सहा वेळा घेतोय. आणि जो रोज घेतला तर निळ्याची गरज कमी पडेल, तो हा असा कोरा."

त्यांनी जांभळा हातात घेतला. चष्मा वर करून आकडा वाचला.

संध्याकाळी बसमध्ये मला तो ४,२२६चा तक्ता आठवत राहिला. त्यातली मुलं उत्तर युरोपातली गोरी आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची. लॅटिनो हा शब्दसुद्धा फसवा. निळ्या पंपातलं औषध प्युर्टो रिकन मुलांना मेक्सिकन मुलांपेक्षा कमी लागू पडतं, हे आधीच दिसलेलं आहे. या पोराचं जनुक वाचून आम्ही काही ठरवणार होतो, ते दुसऱ्यांच्या मुलांवरून. आणि त्या तक्त्यातल्या किती पंपांच्या खिडक्यांत ९६ होतं, कोण जाणे. जनुकाच्या पाठीमागे आम्ही बरंच काही लपवतो असं मला तेव्हापासून वाटतं. काम सोडावं असं मात्र वाटलं नाही. पुढे २०२१ साली ब्रिटनमधल्या २४१ किशोरवयीन मुलांच्या चाचणीचा निकाल आला, जनुक बघून औषध दिलेल्यांचं रोजचं जगणं किंचित सुधारलं होतं. फरक छोटाच, पण दोन्ही प्रती आर्जिनीनच्या असलेल्यांत जास्त.

चार आठवड्यांनी ते तिघं पुन्हा आले. जुना जांभळा संपून नवा सुरू झाला होता, खिडकीत १०८. म्हणजे ११२ पैकी १०८ फवारे गेलेले. निळा आठवड्यातून एक-दोनदा, तोही फुटबॉलच्या आधी. चार फवारे कुठे राहिले विचारलं, तर पोराच्या आधी आजीच म्हणाल्या, "एडिंबराला गेलो होतो दोन दिवस. पंप राहिला घरी."

"काढा?"

"तो मी पिते."

थुंकीची नळी तोवर प्रयोगशाळेत गेली होती. निकाल घरच्यांना सांगायचा नाही आणि आम्ही नर्सनीही बघायचा नाही, असा अभ्यासाचा नियम होता. त्या पोराच्या सोळाव्या जागी काय निघालं, ते मला आजही माहीत नाही.